गावच्या वडावरची वटवाघळं हाकलायची का? (साथीचा विषाणू येतो कुठनं, पसरतो कसा)

ओढ्याकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, जरा घाईतच लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमचं गाव वाईच्या अलीकडं, नाव मुद्दाम देत नाही. ओढ्याच्या कडेला जुना वड आहे, त्याच्यावर मोठ्या वटवाघळांची वस्ती, म्हातारी माणसं सांगतात त्यांच्या लहानपणीही होती. आजवर कुणाला त्याचं काही नव्हतं. पण केरळात निपाहचा (वटवाघळातनं माणसात येणारा जीवघेणा विषाणू) पेशंट सापडला अशी बातमी आली की गावच्या ग्रुपवर तो एक जुना फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो, 'महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह सापडला, सावधान'. महाबळेश्वर म्हणजे आमच्या डोक्यावरच, पसरणीचा घाट चढला की आलंच. यावेळी प्रकरण तापलंय कारण वडापास्नं हाकेच्या अंतरावर एकानं नवीन पोल्ट्री टाकलीय आणि त्याचं म्हणणं झाडाखाली मिरच्यांची धुरी द्या, सुतळी बॉम्ब लावा, नाहीतर सरळ फांद्या उतरवा. पोरं तर तयारच आहेत, बॉम्ब म्हटल्यावर कोण नको म्हणतंय. ग्रामसभेत विषय घेतलाय.

मला विचारायचंय एवढंच की ती बातमी खरी आहे का, हाकलल्यानं धोका कमी होतो का, आणि कोरोना खरंच वटवाघळातनं आला का, आला तर मधल्या मध्ये काय घडलं. व्हॉट्सॲपी उत्तरं नकोत, ती आमच्याकडं पोत्यानं आहेत.

लगाबत्ती

आधी पोल्ट्रीवाल्याला विचारा लगा, वड आधी का शेड आधी. हलकेच घ्या. शेंगा घेऊन बसलोय, चालू द्या.

शंकासुर

वटवाघूळ बिचारं उगाच बदनाम. कोरोना लॅबमधनं सुटला हे आता शेंबडं पोरगं पण सांगतं. बाकी तुमचं चालू द्या.

गुरांचा_डॉक्टर

पेशानं पशुवैद्य आहे, कराड भागात. बातमी खरी आहे पण फॉरवर्डमध्ये अर्धीच असते. पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) लोकांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं पकडून त्यांचे स्वॅब आणि रक्त तपासलं, निकाल २०२१ मध्ये छापून आला. दोन जातींत निपाहच्या खुणा मिळाल्या. एक रुसेटस, ही फळं खाणारी पण गुहेत राहणारी जात, आणि दुसरी पिपिस्ट्रेल, म्हणजे आपल्या वळचणीला असते ती किडे खाणारी बारकी पाकोळी. महाराष्ट्रातल्या वटवाघळांत निपाह मिळायची ती पहिलीच वेळ. माणसात मात्र तेव्हा राज्यात एकही केस नव्हती, हे वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

आता तुमच्या वडावरची. गुहेत न राहता उघड्यावर झाडाला लटकणारी, पंख पसरले की चार फूट भरणारी, ही वेगळी जात, टेरोपस. तुम्हाला वाटेल बरं झालं, आपली वेगळी निघाली. पण केरळ आणि बांगलादेशातला निपाह मुख्यतः ह्याच जातीकडनं माणसात आलेला आहे. तेव्हा ग्रामसभेत 'आपल्या वटवाघळांत काही नाही' असं ठोकून देऊ नका, ते कुणी तपासलेलं नाही. सांगायचं ते असं की ही जात आणि हा विषाणू लई जुने सोबती आहेत. वटवाघूळ आजारी पडत नाही. त्याची प्रतिकारशक्ती विषाणूला दाबून ठेवते पण आपल्यासारखा अंगात जाळ करून घेत नाही. बहुतेक वेळ ते विषाणू बाहेर टाकतही नाही. टाकतं ते अधनंमधनं, आणि उपासमार झाली, हाल झाले की जास्त. ऑस्ट्रेलियात हेंड्रा नावाचा निपाहचाच भाऊबंद आहे, १९९४ साली घोड्यांतनं माणसात आला, तिथं वर्षानुवर्षं पाहणी करून हेच दिसलं की जंगल तुटून फुलोरा कमी पडला की ही वटवाघळं वस्तीकडं सरकतात आणि त्याच काळात घोड्यांत रोग निघतो.

हाकलायच्या प्रश्नाला युगांडाचं उदाहरण द्या. तिथं किटाका नावाची खाण, तिच्यात वटवाघळं, २००७ मध्ये खाणकामगारांना मारबर्ग (इबोलाच्या जातीतला जीवघेणा ताप) झाला. लोकांनी खाणीतली सगळी वटवाघळं मारून काढली. काही वर्षांत खाणीत परत नवी येऊन बसली. २०१२ मध्ये जवळच्याच भागात पुन्हा मारबर्गची साथ आली तेव्हा तपासलं, तर आधी साधारण ५ टक्के वटवाघळांत विषाणू मिळायचा तो आता १३ टक्क्यांत मिळाला. कारण सरळ आहे. जुनी, रोग होऊन गेलेली, प्रतिकारशक्ती कमावलेली जनावरं मारली आणि त्यांच्या जागी सगळी कोरी आली. तुमच्या सुतळी बॉम्बनं हेच होणार. एका झाडावरची पाच झाडांवर पांगतील, त्यातलं एखादं शाळेच्या आवारात असेल.

लगाबत्ती

शेंगा खाली ठेवल्या.

रानवाटा_जावळी

डॉक्टरांना अनुमोदन. जगात वटवाघळांच्या चौदाशेच्या वर जाती आहेत, त्यातली फळखाऊ जंगलात बी पेरत फिरतात आणि बारकी रात्रभर किडे खातात. वड, उंबर, जांभूळ ह्यांचं बी लांब जातं ते कुणामुळं.

बेदाणा

बी पेरतात ते ठीक आहे पण आमच्याकडं तासगाव बाजूला द्राक्षात शुगर भरली की रात्रीत घड उष्टे करून जातात त्याचं काय. बागेला जाळी मारायचा खर्च माहितीय का. ज्याचं जळतं त्याला कळतं.

रानवाटा_जावळी

नुकसान होतं हे मान्यच आहे दादा, त्यावर जाळी हाच उपाय, महाग आहे हेही खरं. मी म्हणत होतो रोगाच्या नावाखाली मारू नका एवढंच.

शंकासुर

माझ्या प्रश्नाला सगळ्यांनी बगल दिली. वुहानमध्येच विषाणूंची लॅब आणि वुहानमध्येच साथ, हा योगायोग?

गुरांचा_डॉक्टर

बगल नाही, रात्री निवांत लिहायचं होतं. प्रश्न रास्त आहे, पण 'शेंबडं पोरगं पण सांगतं' हे सोडा. सिद्ध दोन्ही बाजूंनी झालेलं नाही, फक्त दोन्ही पारड्यांत सारखंच वजन आहे असंही नाही.

जे पक्कं माहितीय ते आधी. कोरोना विषाणूच्या जनुकसंचाची लांबी साधारण ३० हजार अक्षरं. चीनच्या युन्नान प्रांतातल्या एका खाणीतल्या वटवाघळाकडनं २०१३ मध्ये घेतलेल्या नमुन्यातला विषाणू ह्याच्याशी ९६ टक्के जुळतो, आणि लाओसमधल्या वटवाघळांत त्याहून थोडा जास्त, ९६.८ टक्के जुळणारा मिळाला. ऐकायला लई जवळचं वाटतं. पण ३० हजारांत चार टक्के म्हणजे बाराशे अक्षरांचा फरक, निसर्गात एवढा फरक पडायला काही दशकं जातात. म्हणजे हे चुलत भाऊ, बाप नव्हे. कुळ वटवाघळाचं ह्यावर फारसा वाद नाही, वाद आहे तो शेवटच्या टप्प्यावर, वटवाघळातनं माणसात कोणत्या वाटेनं.

बाजाराच्या बाजूनं असं की डिसेंबर २०१९ मधले सुरुवातीचे बरेच पेशंट वुहानमधल्या हुआनान बाजाराच्या आसपासचे, त्यात बाजारात कधी न गेलेलेही होते. १ जानेवारी २०२० ला बाजार बंद केला आणि तिथल्या गाड्यांचे, पिंजऱ्यांचे, गटारांचे स्वॅब घेतले, त्यात ज्या कोपऱ्यात जिवंत रानटी जनावरं विकायची तिथं विषाणू आणि रॅकून डॉगसारख्या (कोल्ह्या-कुत्र्याच्या कुळातलं रानटी जनावर) जनावरांचं जनुकीय साहित्य एकत्र मिळालं. एकत्र मिळालं म्हणजे त्या जनावराला लागण होतीच असं नाही, पण ज्याला लागण होऊ शकते असं जनावर तिथं होतं एवढं नक्की. आणि जनावरं आधीच बाजारातनं गायब झालेली असल्यानं ती स्वतः तपासली गेलीच नाहीत, इथंच सगळी गोची आहे.

लॅबच्या बाजूनं असं की वुहानमधल्या संस्थेत वटवाघळांच्या कोरोनाविषाणूंवर काम चालायचं, आणि चीननं मागितलेली सगळी माहिती दिली नाही. साथीच्या आधी हाच विषाणू तिथं होता ह्याचा पुरावा मात्र पुढं आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला, त्यांचं म्हणणं उपलब्ध पुराव्याचं वजन प्राण्यातनं माणसात येण्याकडं झुकतं, पण चीनकडनं माहिती येत नाही तोवर लॅबची शक्यता तपासताही येत नाही आणि फेटाळताही येत नाही. माझंही मत तेच.

आणि उशीर लागणं ह्यात नवल नाही. २००२ च्या शेवटी चीनच्या ग्वांगडोंगमध्ये पहिला सार्स, म्हणजे ह्या कोरोनाचाच आधीचा भाऊबंद निघाला. २००३ मध्ये बाजारातल्या सिव्हेटमध्ये, म्हणजे उदमांजराच्या जातभाईत तो मिळाला, पण ज्या वटवाघळांच्या गुहेत त्याचे सगळे जनुकीय तुकडे सापडले ती युन्नानची गुहा लोकांपुढं आली २०१७ मध्ये. मर्स, हाही कोरोनाच्याच कुळातला, २०१२ मध्ये सौदीत निघाला, तो उंटातनं येतो.

शंकासुर

बरं. एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. माझं मत बदललं असं समजू नका, पण वाचतोय.

विटेकर_गलाई

नमस्कार, मी खानापूर तालुक्यातला, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यापायी केरळात कोझिकोडला असतो. २०१८ च्या मे महिन्यात तिथंच होतो. सांगतो काय झालं ते. पेरांब्रा भागात एका घरात पाठोपाठ मृत्यू झाले, आधी कळेना काय आहे, मग मणिपाल आणि पुण्याच्या तपासणीत निपाह निघाला. त्या घराच्या विहिरीत वटवाघळं होती म्हणून सगळ्या टीव्हीवर विहीर एके विहीर. तपासल्यावर विहिरीतली निघाली किडे खाणारी, त्यांच्यात काहीच नाही. नंतर त्याच भागातल्या मोठ्या फळखाऊंत विषाणू मिळाला. तोवर विहिरीचे फोटो महाराष्ट्रभर फिरून झालेले, माझ्या आईचा फोन, पाणी उकळून पी म्हणून.

पण खरी गंमत वेगळीच. त्या साथीत १७ लोक गेले आणि त्यातल्या बहुतेकांना वटवाघळातनं रोग झालेलाच नाही. वटवाघळातनं तो एकाला झाला, पुढं सगळा दवाखान्यात पसरला. त्या पेशंटला ज्या वॉर्डात ठेवलं तिथले शेजारी, एक्सरे-स्कॅनच्या पॅसेजमध्ये नंबर लावून बसलेले, आणि सेवा करणारी एक नर्स. सरकारनं दोन हजारांवर माणसं शोधून नजरेखाली ठेवली, आमच्या गल्लीतल्या एकाला रोज फोन यायचा ताप आहे का म्हणून. वटवाघळं मारा असं आरोग्यखात्यानं एकदाही सांगितलं नाही, उलट छेडू नका म्हणाले. उष्टी फळं खाऊ नका, उघड्या मडक्यातली ताडी पिऊ नका, पेशंटजवळ मास्कशिवाय जाऊ नका. नंतर २०१९, २०२१, २०२३ ला परत निघाला पण तितका कधी पसरला नाही, कारण आता डॉक्टरच्या डोक्यात पहिल्याच दिवशी निपाह येतो.

ओढ्याकाठचा

गलाईवाले, हे फारच कामाचं सांगितलंत. पण मग प्रश्न पडतो, निपाहनं निम्म्याहून जास्त माणसं दगावतात म्हणतात, आणि कोरोनानं शंभरात एखाद-दुसरं. तर जग बंद पडायला पाहिजे होतं निपाहनं, पडलं कोरोनानं. असं का?

मिरजेची_सिस्टर

मी सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, कोविड वॉर्ड बघितलाय. ह्याचं उत्तर मला डॉक्टरांनी नंतर समजावलं पण आम्ही वॉर्डात आधी अनुभवलं होतं. माणूस रोग देतो कधी, हा सगळा खेळ. निपाहचा पेशंट रोग देतो तो अगदी आजारी पडल्यावर, शेवटी शेवटी, तेव्हा तो अंथरुणात किंवा दवाखान्यात असतो. त्यामुळं झळ बसते ती घरच्यांना आणि आम्हाला. पहिल्या सार्सचंही तसंच, आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात जोर, म्हणून ८ हजारांच्या आसपास केसेस होऊन तो २००३ मध्ये आटोक्यात आला. कोरोनात माणूस ताप यायच्या दोन दिवस आधीपास्नं रोग देत असतो. तो लग्नाला गेलेला असतो, बाजार केलेला असतो, एसटीतनं आलेला असतो, त्याला स्वतःलाच माहिती नसतं. थर्मामीटरची बंदूक कपाळाला लावून नाक्यावर जे थांबवलं जायचं त्यात हा गडी सापडणारच नाही.

इस्लामपूर आठवतंय का. मार्च २०२० च्या शेवटी सौदीहून आलेल्या चार जणांपास्नं सुरू होऊन एकाच कुटुंबाच्या गोतावळ्यात पंचवीसेक जण पॉझिटिव्ह झाले होते, राज्यभर नाव झालं सांगलीचं. बाहेर कुठं गर्दीत नाही, घरातल्या घरात, एका छताखाली. नंतर ते सगळे बरे झाले आणि गावानं, प्रशासनानं संपर्कातली माणसं एकेक करून बाजूला काढली म्हणून ते तिथंच थांबलं. ह्यातनं दोन गोष्टी मी कायम सांगते. एक, बंद घर हीच साथीची आवडती जागा. दुसरी, त्या वेळी लोकांनी त्या घराला ज्या शिव्या घातल्या ना, त्यानं झालं काय तर पुढं प्रत्येक गावात माणसं ताप लपवायला लागली. अंगात दम नाही, ऑक्सिजन ऐंशीवर आलेला, आणि नातेवाईक विचारतात सिस्टर, नाव बाहेर नाही ना जायचं. असे किती उशिरा आले त्याचा हिशोब कुणाकडंच नाही.

बेदाणा

सिस्टर, खरं बोललात. आमच्या गावात तर वेगळाच प्रकार. द्राक्षाला औषध मारायचा ट्रॅक्टरचा ब्लोअर घेतला, टाकीत हायपोक्लोराईट भरलं आणि गल्लोगल्ली फवारत फिरलो, भिंती भिजल्या, दारातली तुळस करपली, लोक टाळ्या वाजवत होते. त्याचा कितपत उपयोग झाला?

मिरजेची_सिस्टर

तुळस करपली तेवढाच. सुरुवातीला सगळ्या जगाचंच लक्ष हात आणि पृष्ठभाग ह्याच्यावर होतं, दुधाची पिशवी धुवायची, पेपर उन्हात टाकायचा. हात धुणं चांगलंच, जुलाबाचे विषाणू त्यानंच थांबतात, पण कोरोना मुख्यतः श्वासातनं पसरतो हे पुढं स्पष्ट झालं. मोठे थेंब दोन-चार फुटांवर पडतात पण बोलताना, गाताना, खोकताना जे अगदी बारीक कण निघतात ते चुलीच्या धुरासारखे खोलीत साचून राहतात. दार-खिडकी उघडी असली तर निघून जातात, बंद असली तर कोपऱ्यात बसलेल्यालाही भेटतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका गाण्याच्या मंडळाची तालीम झाली, ६१ माणसं, अडीच तास, त्यातल्या एकाला सर्दीसारखं होतं. ५३ जणांना लागण धरली गेली, दोघं गेले. आता आपलं भजनी मंडळ आठवा, थंडीत देवळाचं दार लोटून, टाळ-मृदंग आणि वरच्या पट्टीत.

आणि सगळेच सारखं पसरवत नाहीत. बहुतेक पॉझिटिव्ह माणसं पुढं एकालाही देत नाहीत, आणि दहा-वीस टक्के माणसं बहुतेक प्रसार करतात. तो माणूस कोण हे आधी कळत नाही, पण जागा कळते. बंद, गर्दीची, आवाजाची. त्या जागा सांभाळल्या तरी निम्मी साथ हातात येते, हे आम्ही दुसऱ्या लाटेत कळवळून सांगत होतो तोवर लग्नं हॉलमध्येच लागत होती, फक्त पत्रिकेवर पन्नास माणसं.

लगाबत्ती

पत्रिकेवर पन्नास, पंगतीला पाचशे. मास्क हनुवटीला. आमच्या सांगलीत मास्कनं कुणाचं काय झाकलं असेल तर ते फक्त दाढीचं.

जुनी_दप्तरं

साताऱ्याचा आहे, इतिहासाचा नाद आहे म्हणून थोडं अवांतर. ह्या भागाला साथ नवी नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग निघाला आणि लवकरच तो देशावर आला. प्लेग हा विषाणू नाही, जिवाणू, आणि येतो उंदरावरच्या पिसवेतनं. पण हे १८९८ मध्ये कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं दाखवून द्यायच्या आधीच आपल्या लोकांनी ताडलं होतं की घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं. रानात, माळावर झोपड्या बांधून माणसं महिनोन्‌महिने राहायची. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ ला गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन ह्या शास्त्रज्ञानं मुंबईत प्लेगची लस करून आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये आपल्यावर लावला गेला. सव्वाशे वर्षांचा कायदा, चार कलमांचा.

मग १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईत बोटीनं आला, पहिली लाट सौम्य, सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी भयानक. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेलेला, म्हणजे पोटात अन्न नाही आणि अंगात ताप. तरणीताठी माणसं जास्त गेली. हिंदुस्थानात सव्वा कोट ते दोन कोटांच्या दरम्यान मृत्यू धरतात. १९२१ च्या शिरगणतीत आधीच्या दहा वर्षांपेक्षा लोकसंख्या कमी भरली, असं दशक त्यानंतर पुन्हा आलेलं नाही. आणि पसरला कसा, तर रेल्वेनं. तेव्हा आगगाडी, २०२० मध्ये विमान, मधली माणसं तीच.

विटेकर_गलाई

आणि आमच्यासारखी माणसं. लॉकडाऊन उठता उठता देशभरातनं गलाईवाले गावाकडं निघाले, तिकडं पाटण-जावळीत मुंबईचे माथाडी. आम्हाला झेडपीच्या शाळेत ठेवलं, जेवण घरनं यायचं, डबा गेटवर ठेवून मागं सरायचं. गावानं वाळीत टाकल्यासारखं केलं असं तेव्हा वाटलं, राग अजून पुरता गेलेला नाही. पण दुसरा इलाज तरी काय होता.

ओढ्याकाठचा

काल ग्रामसभा झाली. किटाका खाणीचं सांगितलं, पहिल्यांदा हशा झाला, मग एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं की म्हणजे जुनी मारली तर नवी जास्त रोगट येणार, असंच ना, आणि तिथनं सूर बदलला. धुरी आणि बॉम्ब रद्द. फांद्या तोडायच्या तर वनखात्याला विचारून, म्हणजे होणार नाही. पण सगळे पटले असं नाही, दिवाळीत पोरं काय करतील त्याचा नेम नाही. दम्यावर वाघळाचं मांस चालतं म्हणून मारणारेही दोघं-चौघं आहेत, ते गप्प बसले होते, त्यांना कुणी काही बोललं नाही.

गुरांचा_डॉक्टर

धोका आहे तो त्यांनाच, वडाखालनं जाणाऱ्याला नाही. पकडणं, सोलणं, रक्त हाताला लागणं, चावा. दम्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि वटवाघळाच्या चाव्यातनं दुसरे भलते रोगही येऊ शकतात, चावलं तर साबणानं धुवून थेट दवाखाना. मेलेलं किंवा खाली पडून तडफडणारं दिसलं तर उघड्या हातानं उचलायचं नाही, आणि एकाच वेळी बरीच पडली तर आम्हाला किंवा वनखात्याला कळवायचं.

आता तुमच्या पोल्ट्रीवाल्याचं. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह पहिल्यांदा निघाला तो असाच. डुकरांचे मोठे फार्म आणि त्यांच्या कडेनं जोडधंदा म्हणून लावलेली आंब्याची झाडं. वटवाघळं आंबे उष्टे करून खाली टाकायची, ते डुकरं खायची, डुकरांतनं माणसाला. शंभरावर माणसं गेली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. वटवाघळं तिथं आधीपास्नंच होती, आंबे त्यांच्या आवडीचेच, नवीन काय होतं तर झाडाखालचा गोठा. म्हणून गाय, म्हैस, शेळी, डुक्कर फळझाडाखाली बांधू नका, दावणीत किंवा पाण्याच्या हौदात वरनं काही पडणार नाही एवढं छप्पर काढा, उष्टं फळ जनावरालाही घालू नका. बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातनं रोग येतो, तिथं मडक्यावर बांबूच्या चटया बांधायला सांगतात, वटवाघळं तोंड घालत नाहीत. विहिरीवर जाळी टाका, निपाहसाठी नव्हे, एरवीही बरी.

कोंबड्यांना मात्र वडावरच्या वटवाघळांची भीती नाही. त्याला खरी भीती बर्ड फ्लूची, आणि पुढची साथ कशाची असं मला विचाराल तर मीही फ्लूकडंच बोट दाखवीन. फ्लूचा जनुकसंच आठ तुकड्यांत असतो. दोन वेगवेगळे फ्लू एकाच जनावरात एकाच वेळी घुसले की तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच बाहेर पडतो, २००९ चा स्वाइन फ्लू डुकरांत असाच बनला होता. कोरोनाला ही सोय नाही असं नाही, पण फ्लू ह्यात उस्ताद. एच५एन१ ह्या बर्ड फ्लूनं १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ माणसांना गाठलं, ६ गेली. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आपल्या देशात पहिल्यांदा कोंबड्यांत आला, लाखो पक्षी मारले. २०२४ मध्ये अमेरिकेत चक्क दुभत्या गायींत निघाला. माणसाकडनं माणसाकडं तो अजून सहज जात नाही, म्हणून आपण शांत झोपतोय.

शंकासुर

म्हणजे चिकन बंद?

गुरांचा_डॉक्टर

नाही हो. पूर्ण शिजवलेलं चिकन आणि अंडं खुशाल खा, विषाणू उकळीत टिकत नाही. जपायचं ते शेडवर काम करणाऱ्यानं.

लगाबत्ती

तांबड्या रश्श्याला जीवदान. आभारी आहे.

ओढ्याकाठचा

पोल्ट्रीवाला धागा वाचतोय बरं का, त्याच्या पोरानं दाखवला. तो विचारतोय शेडला जाळी किती बारीक लावायची, आणि दारात पोटॅशचं (परमँगनेटचं) पाणी ठेवतोय ते पुरेल का.

गुरांचा_डॉक्टर

जाळी पाऊण इंचीपेक्षा मोठी नको, चिमणी आत यायला नको. शेडभोवती सांडलेलं खाद्य रोज झाडून घ्या, बाहेरचे पक्षी त्यालाच येतात. जवळ बदकं किंवा डुकरं पाळू नका. आत जायचे बूट वेगळे, ते घालून बाजारात जायचं नाही, आणि दुसऱ्या पोल्ट्रीतनं आलेला माणूस, गाडी, अंड्याचे ट्रे सरळ आत घ्यायचे नाहीत. पोटॅश कमजोर पडतं, दारात चुना टाका किंवा ब्लीचिंगचं पाणी ठेवा, बूट आधी ब्रशनं घासून मग त्यात बुडवा कारण विष्ठा-माती लागलेली असली की कुठलंच औषध काम करत नाही. ते पाणी रोज बदलायचं. आणि एका दिवसात नेहमीपेक्षा जास्त पक्षी मेले तर खड्ड्यात पुरून मोकळं व्हायचं नाही, आधी पशुसंवर्धनच्या दवाखान्यात फोन. सरकारनं कत्तल केली तर भरपाई मिळते, पण ती जिवंत पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही, त्यामुळं उशीर करून त्याचंच नुकसान.